दात न किडलेले उंदीर आणि रणपिसे मॅडम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक डॉ. गोपाळकृष्ण सोहोनी, प्रमुख पाहुण्या आणि मांजरी गावच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका दुर्गाबाई, आज ज्या सेवानिवृत्त होत आहेत त्या आमच्या डॉ. शर्मिला रणपिसे मॅडम, त्यांचे यजमान श्री. संजय रणपिसे, आणि समोर बसलेले माझे सहकारी व विद्यार्थी मित्रहो, आपणा सर्वांना नमस्कार.

गौरवाचे चार शब्द बोलण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. आपल्या हातात जी स्मरणिका आहे, तिच्यातल्या माझ्या लेखात मी लिहिलं आहे, की दात किडण्याला प्रतिबंध करणारी आपली लस उंदरांवरच्या पहिल्याच प्रयोगात यशस्वी झाली. हे चूक आहे. पहिला प्रयोग साफ वाया गेला होता. यश मिळालं दुसऱ्यात. छपाई झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मी अस्वस्थ झाले. आमचे संख्याशास्त्रज्ञ आमोद म्हणाले, "अहो पूर्वा, निरोपाच्या स्मरणिकेत लोक फक्त स्वतःचा फोटो बघतात." असेलही. पण चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आत्याच्या हाताखाली. ती पाटीवरची चूक पुसू द्यायची नाही. शेजारी बरोबर उत्तर लिहायला लावायची, म्हणजे दोन्ही दिसत राहायची. ती सवय काही जात नाही.

आणि खरं सांगायचं तर मॅडम कोण आहेत, हे त्या वाया गेलेल्या प्रयोगातच कळतं.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या तोंडात एक जिवाणू मुक्काम ठोकून असतो. आपण साखर खाल्ली, की तो तिचा चिकट थर करून दाताला चिकटतो आणि आम्ल सोडत बसतो. दात किडतो तो त्यामुळे. नाकात थेंब टाकून लाळेत अशी प्रतिपिंडं तयार करायची, की त्याला तो थर करताच येऊ नये, ही आपली लस. कल्पना सुचली कुठे? दुर्गाबाईंच्या शाळेत. मॅडम तिथे दर वर्षी मुलांचे दात तपासायला जात. एकदा दुर्गाबाई त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, दर वर्षी येता, किडलेले दात मोजता आणि जाता. मोजून कमी होतात का हो?" बाई, आपण आज हसता आहात, पण त्या एका वाक्यानं आम्हाला किती वर्षं कामाला लावलंत!

तर पहिला प्रयोग. उंदरांचे दोन गट. दोघांनाही भरपूर साखरेचं खाणं. एका गटाला लस, दुसऱ्याला नुसते मिठाच्या पाण्याचे थेंब. कोण कुठल्या गटातला, हे मला माहीत नव्हतं. मी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दाढा तपासत होते. शेवटी आमोदनी गट उघड केले. लस दिलेल्यांचे दात उत्तम होते. लस न दिलेल्यांचेही उत्तम! आमोद म्हणाले, "मॅडम, हे उंदीर टूथपेस्टच्या जाहिरातीत घ्या."

मी रडायच्या बेतात होते. त्यात एका हितचिंतकांनी सल्ला दिला, की जुन्या एका प्रयोगातल्या किडक्या दातांच्या उंदरांशी तुलना करा, फरक झकास दिसेल. दिसला असताच की. मॅडम त्यांना म्हणाल्या, "चहा घेऊन जा." बस, एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लस राहू दे. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांचे दात का किडले नाहीत, एवढं मला सांग."

मी प्रयोगाच्या वह्या चाळू लागले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो परदेशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत कुणी विचारला नसता. पण आपण वाघोलीत राहतो. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं?"

जनावरघरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं होतं. आपण सगळे जे करतो तेच आम्ही केलं होतं. टँकर मागवला होता! घरी टँकर, वसतिगृहात टँकर, मग उंदरांनाही टँकर. त्यात वावगं काही आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. पाणी तपासलं, तर त्यात फ्लोराइड भरपूर. फ्लोराइडनं दात टणक होतात. उंदरांचे दात लसीनं वाचवले, की टँकरनं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

टँकरवाले राकेशभाऊ तर खूश झाले. "म्हणजे आमचं पाणी लसीएवढं भारी हाय! मग तक्रार कशाची, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "तीच तक्रार आहे." (गैरसमज नको म्हणून सांगते, इतकं फ्लोराइड माणसाच्या हाडांना चांगलं नसतं. राकेशभाऊंनाही मॅडमनी तेव्हाच ते बजावलं आणि टँकर ज्या बोअरवर भरायचा, त्या बोअरचं पाणी पिण्यासाठी देणं थांबवायला लावलं.)

निधी देणाऱ्यांना मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, की प्रयोग फुकट गेला, चूक आमची. मग सगळं पहिल्यापासून केलं, ऊर्ध्वपातित पाण्यावर. या वेळी गट उघडले, तेव्हा लस न दिलेल्यांच्या दाढा काळ्या ठिक्कर, आणि लस दिलेल्यांपैकी बहुतेकांच्या शाबूत. बहुतेकांच्या म्हणते, सगळ्यांच्या नाही. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या." घेतलं. तेच! दातांच्या प्रयोगशाळेत पेढे वाटायचे नाहीत, खारे शेंगदाणे वाटायचे, हा इथला शिरस्ता. त्या दिवशी मॅडमनी स्वतः मंडईजवळून पेढे आणले आणि म्हणाल्या, "खा, पण नंतर चूळ भरा."

आता माणसांवरच्या पहिल्या चाचणीला परवानगी आली आहे. या आनंदात एक अडचण आहे, ती सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मॅडम आज निवृत्त होतात. चाचणीला प्रमुख हवा. तो मिळाला नाही, तर परवानगी तशीच संपेल आणि सगळं थांबेल. संचालकसरांनी मला दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. उंदरांचं ठीक, पण धडधाकट माणसाच्या नाकात थेंब टाकायचे आणि त्याला काही झालं तर? जिवाणूचा जो भाग हृदयाला त्रास देईल अशी शंका जुन्या संशोधकांना होती, तो मॅडमनी लसीतून केव्हाच काढला आहे. तो मी स्वतः पुन्हा पुन्हा तपासला आहे. तरीही भीती जात नव्हती.

काल मॅडम कपाट आवरत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, मला भीती वाटते." त्यांनी वर बघितलंही नाही. म्हणाल्या, "वाटायलाच हवी. जिला वाटत नाही, तिला मी जनावरघराची किल्लीही देत नाही." मी म्हटलं, "आणि काही चुकलं तर?" "तर विचार, पाणी कुठलं."

असं म्हणणाऱ्या माणसाला निरोप कसा द्यायचा? मॅडम, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो. संजयसर, इतकी वर्षं आपण आमच्यासाठी एकट्यानं जेवलात, त्याबद्दल आपली ऋणी आहे. अध्यक्ष महाशय, पाहुण्या आणि आयोजकांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणं झालं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. तपशिलात चूक सापडली, तर मात्र घालू नका, मला येऊन सांगा.

आणि संचालकसर, माझं उत्तर बदललं आहे. पहिल्या स्वयंसेवकाला लसीचा पहिला थेंब मी देईन, येत्या सोमवारी, पाच जानेवारीला.