उशाखालचा फोन

कानाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं.

"अहो, फोनच्या लहरींनी तुमचा कान वाजतो, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. हसतील."

"हसू देत. म्हणूनच मी रात्री फोन स्टीलच्या डब्यात ठेवतो."

"आणि डब्यात तो लागेल का? लेकीचे दिवस भरलेत. अपरात्री काही झालं, तर तिनं कुणाला हाक मारायची?"

"म्हणून तू काढतेस, माहितेय मला."

"काढते! तुम्ही घोरायला लागलात की उशाखाली घेते. पण तुम्ही तो परत डब्यात टाकता. सकाळी बघते, तर उशाखाली काही नाही."

"डब्यात नाही टाकत गं."

"मग?"

"तुझा डोळा लागला की माझ्या उशाखाली घेतो. पोरीचा फोन तर लागायला हवा, पण तुझ्या डोक्याशी नको."

"आणि तुमच्या डोक्याशी चालतो?"

"माझ्या डोक्यात काही शिरत नाही, असं लग्न झाल्यापासून तूच म्हणतेस ना?"



"तरीच कान वाजतोय. उठा, नंबर आला. डॉक्टरांना मीच सांगते."