वापरणाऱ्याची चूक

जनी : म्हंजे ही सुट्टी नाय. तुला काढली.

प्राची : सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, उद्याची वाट कशाला, आत्ताच निघते. ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि तळोज्याहून रिक्षा करून सरळ घरी आले.

जनी : जेवलीस?

प्राची : नाही आत्या. आधी ऐक. संध्याकाळी बाबा आले की त्यांना एकदाच, नीट सांगायचंय. तुझ्यासमोर बोलून बघते.

जनी : महादेवला मी बघते, माझाच भाऊस हाय तो. तू सांग. पन मला कळंल असं सांग. तुमची ती विजेच्या खुर्चीची कंपनी, येवढंच मला ठाव.

प्राची : तेवढंच आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्ची. हाताशी दांडी असते, ती पुढे केली की खुर्ची पुढे जाते. खाली दोन मोटारी. त्यांनी कधी किती जोर लावायचा, तो प्रोग्राम मी लिहिते. सत्यजीत सर कंपनीचे मालक. वाईट माणूस नाही गं. मला कॉलेजमधून थेट घेतलं, विचुंब्यासारख्या गावातली मुलगी म्हणून कधी नाक मुरडलं नाही.

जनी : मंग बिनसलं कुठं?

प्राची : करंजाड्याला दमयंतीबाई म्हणून एक आहेत. रेल्वेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात. संधिवातानं गुडघे गेलेत. त्यांना आम्ही एक खुर्ची महिनाभर वापरायला दिली होती. एक दिवस त्या भाजी घेऊन आल्या. पिशवी खुर्चीच्या मागे अडकवलेली, त्यात कलिंगड. सोसायटीच्या दाराशी चढ आहे. अर्ध्या चढावर समोरून कोणी आलं म्हणून त्या थांबल्या, मग परत दांडी पुढे केली, आणि खुर्ची पुढे जायच्या ऐवजी मागे आली. सरळ फाटकाच्या खांबावर. उजवं मनगट मोडलं.

जनी : बिरेक नसतो का?

प्राची : असतो. पण दांडी पुढे केली की ब्रेक सुटतो आणि मोटारीनं वजन उचलायचं असतं. आमची मोटार सत्तर किलोच्या हिशेबानं शिकवलेली. बाई, पिशवी, कलिंगड, उतरलेली बॅटरी, हे सगळं मिळून तिला जोर लावायला उशीर झाला. दीड सेकंद फक्त.

जनी : कंपनीनं काय केलं?

प्राची : औषधाचा खर्च दिला. आणि फाइलमध्ये लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक'. मी त्यांना भेटायला गेले होते. हात गळ्यात बांधलेला. मला विचारत होत्या, मी दांडी उलटी तर नाही ना ओढली गं? त्यांना स्वतःवरच संशय यायला लागला होता. तेव्हापासून त्या एकदाही खाली उतरल्या नाहीत.

जनी : आनी तू गप आलीस.

प्राची : गप्प आले, पण बसले नाही. तीन महिने खपून नवीन पद्धत बसवली. त्यात आपण मनाशी एक रेषा ठरवायची. खुर्ची कशी चालली पाहिजे, त्याची रेषा. खुर्ची त्या रेषेच्या या बाजूला गेली की पूर्ण जोरानं तिकडे ढकलायचं, त्या बाजूला गेली की पूर्ण जोरानं इकडे. सेकंदाला हजारो वेळा. माणूस किती जड आहे, चढ किती आहे, चाकाखाली चिखल आहे की फरशी, हे तिला विचारावंच लागत नाही. जास्तीत जास्त किती वाईट होऊ शकतं, एवढं आधी ठरवून ठेवलं की झालं. ती रेषा सोडत नाही.

जनी : मंग चांगलं हाय की.

प्राची : आवाज येतो. सारखं इकडे-तिकडे ढकलत राहिल्यामुळे मोटार गुणगुणते आणि हाताखाली बारीक थरथर लागते. सर म्हणाले, गिऱ्हाईकाला ही खुर्ची स्वस्तातली वाटेल.

जनी : मिठागरात डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मी बांधावरून चालायची. बांध शेवाळलेला. पाय थरथरायचा, सारखा, या अंगाला न् त्या अंगाला. नवी सून आली का आमाला हसायची. मंग ती पाय ताठ करून चालायची न् पान्यात पडायची.

प्राची : तेच आहे, आत्या. हे मला कॉलेजात कोणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जनी : पुढं बोल.

प्राची : आवाज कमी करायचा उपाय असतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा ठेवायचा. पट्ट्याच्या आत असताना जोर हळूहळू लावायचा, दणके द्यायचे नाहीत. मी पट्टा बारीक ठेवला होता, आवाज पुष्कळ उतरला. सरांना आवाज अजिबात नको होता. म्हणाले, पट्टा रुंद कर. पण पट्टा रुंद केला की खुर्ची त्या पट्ट्यातच रेंगाळते आणि चढावर मागे घसरते. मी सांगितलं. ते म्हणाले, सत्तर किलोला घसरत नाही ना, मग झालं. आणि मी केला, आत्या. माझ्या हातानं केला. आठवडाभर तोंड शिवून बसले.

जनी : भ्यालीस.

प्राची : हो. घराचं काम काढलंय, बाबांचं वय झालंय, असं सगळं मनाला सांगत बसले. आज सकाळी किशोरी मॅडम आल्या. नवीन पनवेलला त्यांचं केंद्र आहे. अंगावरून वारं गेलेली, अपघातात पाय गेलेली माणसं तिथे परत हिंडाफिरायला शिकतात. त्यांना चाळीस खुर्च्या हव्या होत्या. कंपनीच्या मागे चाचणीसाठी सिमेंटचा चढ केलाय, तिथे सरांनी सत्तर किलोचा पुतळा बसवून खुर्ची चालवून दाखवली. आवाज नाही, हिसका नाही. सगळे खूश. सरांनी चाचणीचा अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. वरती छापलं होतं, 'सर्व परिस्थितींत सुरक्षित'. खाली सही माझी.

जनी : केलीस?

प्राची : पेनाचं टोपण काढलं होतं. मग त्या हात बांधलेल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. मी म्हटलं, मॅडम, अजून एकदा चालवते, या वेळी मी स्वतः बसते. सर म्हणाले, गरज नाही. मॅडम म्हणाल्या, करू दे की. मी अठ्ठावन्न किलो, मागे वीस-वीस किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या लावल्या. अर्ध्या चढावर थांबले आणि दांडी पुढे केली. खुर्ची मागे आली. मी म्हणत होते वीतभर येईल, चांगली हातभर आली. प्रोग्राम मीच लिहिलेला.

जनी : लागलं नाय ना कुठं?

प्राची : नाही. मग लॅपटॉप लावला, पट्टा परत बारीक केला, दोन मिनिटांचं काम. त्याच पिशव्या, तोच चढ. खुर्ची गुणगुणली आणि वर गेली. चार वेळा मधेच थांबवली, चारही वेळा जागची हलली नाही. मॅडमनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, वर किती वजन आहे ते हिला माहीत नाही, म्हणून ही क्षणाक्षणाला सावरतेय, त्याचा. त्यावर त्यांनी विचारलं, आधी कुणाला लागलं होतं का? सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो, आणि नाव सांगितलं. अहवाल कोराच ठेवला. मॅडम गेल्यावर सरांनी जे सांगायचं ते सांगितलं.

जनी : बरं झालं.

प्राची : बरं झालं म्हणतेस? नोकरी गेली.

जनी : नोकरी गेली त्याचं बरं नाय. सही नाय केली त्याचं बरं झालं. मिठागराच्या मुकादमानं एकदा मला सांगितलं, तुझ्यासंगतची मैनाबाई बांधावरून पडली ती आपल्या पायानं पडली, असा अंगठा दे. बांध खचला होता, मी डोळ्यांनी पायला होता. मी अंगठा नाय दिला. दोन हंगाम मला कोनी कामाला बोलावली नाय. मेली नाय मी.

(प्राचीचा फोन वाजतो. ती स्पीकर चालू करते.)

सत्यजीत : प्राची, पोचलीस घरी? हे बघ, सकाळी माझं डोकं गरम झालं. किशोरी मॅडमचा फोन आला होता. त्यांना ती आवाजवालीच खुर्ची हवी आहे. आणि अहवालावर सही तुझीच हवी म्हणतात. तू उद्या ये, सेटिंग तू म्हणशील ते ठेवू, सही कर, विषय संपला.

प्राची : दमयंतीबाईंच्या फाइलचं काय, सर?

सत्यजीत : ती जुनी फाइल आहे, बंद झालेली. ती कशाला उघडायची?

प्राची : त्यात चूक त्यांची लिहिली आहे. ती आपली होती.

सत्यजीत : तुला कळतंय का, ते बदललं तर उद्या प्रत्येक जण विचारणार, अजून कुठे कुठे घसरली. मी बारा वर्षं घालवलीत यात. चाळीस माणसं काम करतात माझ्याकडे.

प्राची : विचारू देत. आधी दिलेल्या सगळ्या खुर्च्यांचा प्रोग्राम मी बदलून देते, घरोघरी जाऊन. पण ती ओळ राहिली तर माझी सही नाही.

सत्यजीत : मी दुसरा इंजिनीअर आणू शकतो.

प्राची : आणा. मॅडम त्यालाही चढावर बसायला सांगतील.

जनी : आनी पिशव्या दोन लावा म्हनावं.

सत्यजीत : कोण बोलतंय?

प्राची : माझी आत्या. मिठागरात काम करायची. तिला सगळं सांगून झालंय.

सत्यजीत : ठीक आहे. फाइल दुरुस्त करतो. त्यांना तसं पत्र पाठवू, उद्याच. झालं समाधान?

प्राची : पत्र नको, सर. तुम्ही स्वतः जा. त्या अजून रोज विचार करतात की आपण दांडी उलटी ओढली. ते कागदानं जायचं नाही.

सत्यजीत : मी जाऊन काय बोलू?

प्राची : खुर्ची आमची चुकली, एवढंच. मी कामावर यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवू.

सत्यजीत : तू येशील का बरोबर?

प्राची : नाही.

सत्यजीत : दुपारी झोपत असतील ना त्या? कितीला जाऊ?

प्राची : पाचनंतर जा. आणि बेल एकदाच वाजवा, सर. दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो.