श्रावणातली मांदेली

समारंभाचे अध्यक्ष मान्यवर बळीरामशेठ, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, बदली होऊन निघालेले आपले सत्कारमूर्ती डॉक्टर कमळाकरराव, आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरसाहेबांनी वाचवलेल्या बैलांची आणि म्हशींची नावे घेतली. मी भातगिरणीवाला काशिराम. याच गिरणीत पोती वाहिली आणि पुढे तिचाच मालक झालो. शिक्षण बेताचे, पण कान तिखट. गिरणीचा पट्टा जरा सैल झाला तरी मला घरात बसून कळते. मागच्या बाकावर आत्ता कोणी म्हणाले, "शेट आता मांजराचीच गोष्ट सांगणार." बरोबर ओळखलेत, बुधाजी! तीच सांगणार.

आमच्या गिरणीत एक पिवळसर मांजर आहे. माझ्या आईने त्या सोनेरी मासळीवरून तिचे नाव मांदेली ठेवले. गेल्या श्रावणाच्या तोंडावर तिचा मागचा पाय पट्ट्यात सापडला. आई तिला पदरात घेऊन गुरांच्या दवाखान्यात धावली. लोक म्हणाले, "भीमाबाय, सरकारी डॉक्टर मांजरासाठी हात धुवील काय?" डॉक्टरांनी हात धुतले. जिथे बैल आडवे पाडतात त्या आवारात टेबल मांडून, गुंगी देऊन पाय कापला, टाके घातले, आणि आईला म्हणाले, "आजी, माझं काम झालं. आता ही खाईल तर जगेल."

आणि मांदेली खाईना! टोपलीत पोत्यावर निपचित पडून. आईने दूध दिले, दूधभात दिला, साय दिली. तोंड फिरवी. डॉक्टर रोज पट्टी बदलायला यायचे. जखम चांगली होती, पण मांजर वाळत चालले होते. आई तिच्याजवळून उठत नव्हती. माझे वडील गेल्यापासून आईच्या पायाशी निजणारे दुसरे होते तरी कोण?

शेवटी डॉक्टरांनी विचारले, "आजी, एरवी ही काय खायची?"

"मावरा."

"मग मासळी का देत नाही?"

आई ताठ मानेने म्हणाली, "आमचे घरान श्रावन पालतान, डॉक्टर. मांदेली पन पालते. दर वर्साला."

सभ्य गृहस्थहो, डॉक्टर हसले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतून मासळीवाल्या मैनाची हाक आली. आमच्या दाराशी ती श्रावणात येत नाही. पण माझ्या कानांनी दुसरेही काही टिपले. टोपलीतून बारीक आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी मैनाला हाक मारली. म्हटले, "काय गो, हिला ओळखतेस?"

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "वलखते म्हंजे? श्रावनान रोज दुपारची माझे पाटीजवल येऊन बसते नं काय! तुमचा श्रावन, शेट. तिनं कवा पालला?"

म्हणजे आमच्या घरातली सर्वांत कडक व्रतस्थ ही अशी! आता पायच नाही, तर पाटीपर्यंत जाणार कशी?

पण हसण्यासारखे तिथे काही नव्हते. आमच्या चुलीवर श्रावणात मासळी चढलेली नाही, माझ्या आजीच्या काळापासून नाही. मी म्हटले, "आये, दुसऱ्याच्या घरून शिजवून आणतो." आईने देवघराकडे पाहिले, मग टोपलीकडे पाहिले. आणि उठून भर पावसात अंगणात तीन दगड मांडले. मैनाच्या पाटीतले निवटे घेतले, बिनमिठाचे उकडायला ठेवले. पण पावसाने जाळ विझू लागला. तेव्हा आपले हे डॉक्टर, ज्यांच्या घरी मासळीचा वासही चालत नाही, ते स्वतः भिजत आपली छत्री त्या चुलीवर धरून उभे राहिले!

आईने काटे काढून, निववून बोटावर एक घास धरला. मांदेलीने हुंगला. चाटला. मग खाल्ला. आई रडली, हे मी सांगितलेले तिला आवडणार नाही. ती समोरच बसली आहे.

नंतर डोक्यावरून पाणी घेऊन तिने देवापुढे दिवा लावला. मी विचारले, "आता देवाला काय सांगशील?" म्हणाली, "सांगायचा काय? मी खाल्ला नाय. देवाला डोले हायेत." श्रावण सरेपर्यंत अंगणातली चूल रोज पेटली, आणि पाऊस असला की छत्रीही रोज आली.

आज मांदेली तीन पायांवर गिरणीभर फिरते. उंदरांना अजून चौथ्या पायाची उणीव जाणवलेली नाही.

डॉक्टरसाहेब, तुमच्या छत्रीला आमच्या जाळाने भोके पडली. ती तुम्ही अजून वापरता, हे सगळे पनवेल पाहते. गिरणीतर्फे ही नवी छत्री स्वीकारावी. आणि आईचा निरोप असा, की जुनी इथेच ठेवून जा. पुढच्या श्रावणात चुलीवर धरायला लागेल. मांदेलीला पिल्ले झाली आहेत, आणि त्यांनाही व्रत जमेलसे दिसत नाही.

आपण सर्वांनी कामधाम सोडून एका मांजराची कथा ऐकलीत, आपले आभार. बोलण्यात कुठे खडा राहिला असेल, तर भात निवडल्यासारखा बाजूला काढावा आणि बाकीचे गोड मानून घ्यावे. नमस्कार.