जगू द्या की त्यांना!

...आणि वर प्रयोगशाळेतले मलाच म्हणतात, काळजी करू नका! अहो, करू नका कसं? तुम्हाला सांगतो, ज्या जिवाणूंची जनुकं बदलून आपण त्यांना साखर खाऊन आम्ल करायला शिकवलं, ते त्याच आम्लात गुदमरून मरतात! म्हणून भांड्यात एक कांडी बुडवलेली असते, ती आंबटपणा मोजते, वाढला की पंप थेंब थेंब अल्कली सोडतो. सगळं आपोआप. मग मी कशाला? तेच तर! मी निवृत्त. माझी जुनी विद्यार्थिनी आता प्रयोगशाळेची प्रमुख, तिनं हौसेनं बोलावलं, तर तिचे वरचे म्हणाले, "ही बॅच साधली तर राहू दे म्हाताऱ्यांना." झालं! मला आपली शंका... मेले तर नसतील? काढ नमुना. जिवंत! पण बघण्यात माझंच चुकलं असेल तर? काढ आणखी एक!

घरी बायको म्हणते, "अहो, जगू द्या की त्यांना! पोटच्या पोरांना कधी विचारलंत, जेवलात का म्हणून?" खरंय हो... पण मला आपली शंका!

आणि एक दिवस काय व्हावं? नमुने काढून काढून भांड्यातली पातळी इतकी उतरली की कांडी पडली उघडी! ती हवेत लोंबकळत वाट्टेल तेवढा आंबटपणा दाखवतेय, पंप बिचारा आज्ञाधारक, ओततोय अल्कली, ओततोय... अख्खी पलटण गारद!

विद्यार्थिनीला म्हटलं, "बाई गं, निघतो मी." पिशवी उचलली, दारापर्यंत गेलो, चष्मा राहिला म्हणून परत आलो, तर ती प्रयोगशाळेतला फ्रिज उघडून उभी. आत माझ्या नमुन्यांच्या बाटल्याच बाटल्या!

"सर, भांड्यात राहून राहून आंबटात तग धरायला शिकलेले हे जिवाणू दुसरीकडे कुठेच नव्हते. आता उरलेत ते फक्त तुमच्या बाटल्यांत!"

त्यांच्यातूनच नवी बॅच लावली. साधली हो! राहिलो मी. पण बाईंची अट, "सर, भांड्यापाशी हात खिशात!"

आता दिवसभर उभा असतो, हात खिशात. काल कपडे धुवायला काढले तर बायको ओरडली, "अहो, दोन्ही खिसे फाटलेत! आत करता तरी काय?"

काय करणार? चुळबुळ! तिनं दुहेरी शिवण घालून दिलीय, म्हणते आता जन्मभर टिकेल... टिकेल ना हो?