पिल्लासाठी लहान पिंजरा

जळगावच्या त्या दुकानात मोहिनी मांजरीचं खाणं घ्यायला थांबली होती. तिच्यापुढे मुक्ताईनगरकडचे जीवरामआबा आणि बेबाबाई उभे होते. बेबाबाईच्या पदरात कुत्र्याचं ओंजळीएवढं पिल्लू.

दुकानदार म्हणाला, "आबा, मधला पिंजरा घ्या. सहा महिन्यांत पिल्लू केवढं तरी वाढतं. त्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे."

"लहानच दे, भाऊ."

"घरात जागा कमी आहे का?"

"घरात नाही ठेवायचा. मळ्यात वनखात्यानं बिबट्यासाठी मोठा पिंजरा लावलाय. त्याच्या मागच्या खणात."

"पिल्लू?"

"आठ दिवस बकरी बांधली. तिला हुंगत पण नाही. कुत्र्यालाच येतो तो. आधी याच्या मायला नेलं, मग केळीतून आमच्या सालदाराच्या बायकोला."

बेबाबाईनं विचारलं, "याची जाळी बारीक आहे ना रे भाऊ? पंजा आत जायला नको."

"नाही जाणार, अक्का."

"नख पण?"

"चूप राह्य तू. बांध भाऊ, तो लहानवाला."

"खण मोठा असेल तर मधला बसेल की, आबा."

"बसेल ना."

"मग मधला न्या. पहिल्या रात्री रडतं पिल्लू. वरून चादर टाकली, की होतं गप."

"चादर नको. मधल्यात ते पाय पसरून झोपून जाईल, भाऊ. रडायला पाहिजे ते."