मिक्सरवाला माझ्या रांगेत आला तेव्हा

...आणि वर मला म्हणतो काय, "नाना, मिक्सरची गॅरंटी घरातल्या वापराला आहे, विहिरीवरच्या वापराला नाही!" अरे, विहीर काय शेजाऱ्याची होती का? माझी विहीर, माझं शेत, माझी वांगी, मग गॅरंटीच तेवढी तुझी कशी? तुम्हीच सांगा! नाही, थांबा, तुम्ही नका सांगू, तुम्हाला काय सांगायचंय ते तुमच्या तोंडावरच दिसतंय. मला माणूस कळतो. तीस वर्षं धरणगावच्या कापसाच्या जिनात मुकादम आहे मी, हंगामाला माणसं भरतो. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास. पण गेटवर माणूस उभा राहिला की त्याचे हात बघतो, पाय बघतो, डोळे बघतो... झालं!

आणि हा मिक्सरवाला मगन, टाय लावून आला हो माझ्या दारात! धरणगावात, मे महिन्यात, टाय! तिथंच मला समजायला पाहिजे होतं. पण मी होतो जिनात आणि घरी होती आमची बायको, भागाबाई. गोड बोलला, असा गोड बोलला, "अक्का, हात दुखत असतील ना? अक्का, काहीही टाका, मसाला टाका, चटणी टाका, कुठंही चालतो, पाच मिनिटांत आराम!" अक्का विरघळली. मिक्सर घेतला, आणि पाटा-वरवंटा, माझ्या आईच्या हातचा गुळगुळीत झालेला पाटा, उचलून शेजारच्या लताबाईला देऊन टाकला! आता लताबाई त्याच्यावर कपडे धुते. मागायला गेलो तर म्हणते, "दिलेली वस्तू परत मागता, नाना? तुमच्यासारख्या माणसाला शोभतं का?" नाही शोभत. म्हणून रोज सकाळी तिच्या कपड्यांची थपथप ऐकत चहा पितो.

असो. तर हिवाळ्यात बोदवडचे आमचे व्याही आले, जीवरामभाऊ. पोरीच्या सासरचा माणूस, पांढरी टोपी, पांढरा नेहरू शर्ट, माणूस असा कडक की इस्त्री त्याला घाबरते. व्याही आले म्हणजे शेतात भरीत हे ठरलेलं. हिरवी लांब वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वांगी भाजायची, सोलायची, लाकडी डोणीत घालून मुसळीनं ठेचायची. इथपर्यंत सगळं ठीक होतं हो! पण डोणी काढली तशी भागाबाई म्हणाली, "मिक्सर शे ना आते!" आणि व्याह्यांच्या समोर मी नाही कसं म्हणणार? त्यांच्या घरी नव्हता ना मिक्सर!

आता शेतात लाईट कुठली? विहिरीच्या मोटारीची. तो मगन काय बोलला होता? कुठंही चालतो. मग मी स्टार्टरमधून दोन वायरी काढल्या, मिक्सरला खोचल्या, वांगी-मिरच्या भरल्या, झाकण लावलं आणि जीवरामभाऊंना म्हणालो, "जरा जवळ या भाऊ, बघा तरी विज्ञान काय म्हणतं ते."

ते जवळ आले.

विज्ञान काय म्हणालं ते मला नीट ऐकू आलं नाही. आधी एक किंचाळी, मग धूर, मग झाकण गेलं आंब्यावर आणि भरीत गेलं व्याह्यांवर! टोपीवर, मिशीवर, शर्टावर... कानातून हिरवी मिरची काढली हो त्यांनी. ओरडले असते तर बरं होतं! नुसती ती मिरची माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अभिमनभाऊ, आमच्याकडे अजून ठेचतात."

आता सांगा, चूक कोणाची? मगनची! विहिरीची लाईन वेगळी असते, मोठी असते, हे त्यानं सांगायला नको? मी जळगावला दुकानात गेलो, तो जळका डबा त्याच्या टेबलावर आपटला, तर तेव्हा निघाली ती गॅरंटी, जी घरात चालते आणि विहिरीवर चालत नाही. आणि हसला तो! ओठ मिटून हसला, पण टाय हलला! मी म्हटलं, थांब बेट्या. तू कधीतरी माझ्या गेटवर येशील. मला माणूस कळतो.

आणि आला की नाही! दसरा झाला, हंगाम लागला, गेटवर ही रांग. कोणी प्लास्टिकच्या पिशवीत सर्टिफिकिटं घेऊन, कोणी आमदाराची चिठ्ठी घेऊन, एक जण तर नारळ घेऊन आला, अरे मी काय मारुती आहे? आणि ह्या सगळ्यात मगन, टाय नाही, दाढी वाढलेली. दुकान बंद पडलं म्हणे. मला बघितलं आणि हात जोडले, "नमस्कार, नाना!" तुम्हाला सांगतो, माझ्या मनात दिवाळी झाली. आठ दिवस आधी झाली.

आता माझी माणूस भरायची रीत ऐका. मी कागद बघत नाही, मी जेवायला घालतो. सगळ्यांना आवारात पंगतीला बसवतो, घरचं जेवण, आणि त्यात मुद्दाम एक खोट ठेवतो. गेल्या साली भाकरी करपवली, त्याच्या आदल्या साली डाळीत खडे. ह्या साली भागाबाईला सांगितलं, वांग्याच्या भाजीत मीठ टाकू नको. का? अहो, जिनात कापसाचे डोंगर असतात. कुठं पट्टा जळतोय, कुठं ठिणगी पडतेय, ते बघून जो माणूस "सगळं छान आहे, नाना" म्हणतो ना, तो माणूस नाही, ती काडेपेटी आहे! म्हणून ज्यानं तोंडावर खोट सांगितली तो आत, ज्यानं गोडवे गायले तो घरी.

आणि गोडवे गायला मगनपेक्षा मोठा गवई कोण? मी पंगतीत उभा, जिनाचे मालक, आमचे शेठ, वर गॅलरीत उभे. पहिला घास घेऊन एक जण म्हणाला, "नाना, अमृत!" घरी. दुसरा म्हणाला, "काकूंच्या हाताला चव आहे हो!" घरी. आणि आता मगन. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं तेसुद्धा पाठ केलं होतं. तो म्हणणार "झकास", मी म्हणणार "ऊठ", आणि मग साऱ्या आवाराला सांगणार की हाच तो, ज्यानं माझ्या व्याह्याच्या कानात मिरची घातली! मला माणूस कळतो!

त्यानं घास घेतला. चावला. थांबला. म्हणाला, "नाना, राग येणार नाही ना?"

म्हटलं, "बोल की!"

"भाजीत मीठ नाही. ते एक असो. पण दाण्याचा कूट खवट आहे. वांगी जून आहेत, बिया टोचतात. आणि फोडणीला तेल जास्त तापलंय, कडसर लागतं. भाकरी मात्र चांगली आहे."

अहो, खोट मी एक ठेवली होती! ह्यानं चार काढल्या! सगळी पंगत हसायला लागली आणि वरून शेठ ओरडले, "नाना, घ्या त्याला! असाच पाहिजे आपल्याला!" मी दात खाऊन म्हटलं, "अरे, मग मिक्सर विकताना कुठं होती ही जीभ?" तर कसा म्हणतो, शांतपणे, "नाना, तेव्हा गोड बोलण्याचीच नोकरी होती ना."

घेतला. काय करणार, रीत माझीच! पण मीही मुकादम आहे, असा कापूस उपसायला लावला त्याला, असा उन्हात उभा केला, संध्याकाळी मिशीपर्यंत पांढरा झाला होता. वाटलं, व्याह्यांचं थोडं तरी फिटलं. आणि उरलेलं भागाबाई फेडेल! घरी जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं, "तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली त्यानं! शंभर माणसांत! दाणे खवट म्हणाला, वांगी जून म्हणाला!"

मला वाटलं, आता ही लाटणं घेऊन जिनावर जाते. तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"खवट म्हने?"

"खवट!"

"मी तुमले महिनाभर तेच सांगी ऱ्हायनू ना! तुम्ही काय म्हनेत? गुपचूप खा म्हनेत! तीस वरीस व्हयनात, मी रांधस, तुम्ही खातस, पानी पी उठी जातस. चांगलं नही, वाईट नही! त्या पोऱ्याले एक घासमा बठ्ठं समजनं!"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन डबे. एक माझा, एक मगनचा. एकटाच राहतो म्हणे बिचारा, खोलीत चूलसुद्धा नाही! बिचारा!

तेव्हापासून मी, तीस वर्षांचा मुकादम, सायकलला दोन डबे लावून जातो. दाणे नवे आले. वांगी कोवळी येतात. मगन दुपारी जेवतो आणि मला निरोप देतो, "नाना, अक्काला सांगा, आज हिंग जरा पुढे गेलं." मी घरात पाय ठेवला की चपला काढायच्या आधी प्रश्न, "काय म्हने तो?" आणि मी तो हिंगाचा निरोप पोचवतो.

परवा म्हटलं, आपल्यालाही जीभ आहे की! जेवताना घास घेतला, चावला, त्याच्यासारखाच थांबलो आणि म्हणालो, "आज मीठ कमी आहे हो."

वरसुद्धा बघितलं नाही तिनं.

"मंग टाकी ल्या!"

टाकून घेतलं.