शंभराच्या पुढचं गणित

मंडळी, एक विचारतो, मनाशीच उत्तर द्या. जे लेकरू दरवेळी शंभरपैकी शंभर आणतं, त्याला येतं तरी किती? शंभराएवढंच? पेटीवाले मान डोलावतायत! अहो, तुम्हाला कधी पडले होते का शंभर? असू द्या. ऐका.

एका गावात सुदामराव शेलार, पिठाची गिरणी चालवायचे. त्यांची लेक केतकी, चौथीत. गणितात कायम शंभर. गिऱ्हाईक आलं की सुदामराव पेपर दाखवायचे. दळण एक किलो, लेकीचं कौतुक पाच किलो!

आणि लेक काय करायची? दहा मिनिटांत पेपर सोडवायची अन् खिडकीबाहेर बघत बसायची. पुढं पुढं शाळाच नको म्हणायला लागली. तिच्या वर्गाच्या राणेबाईंच्या हे ध्यानात आलं. त्या सुदामरावांना म्हणाल्या, "चौथीचा पेपर संपतो, पण ही कुठवर जाते ते कळत नाही. सातवीचा पेपर देऊन बघू. झेपलं, तर गणिताच्या तासाला सातवीत बसवू."

दिला पेपर. त्याच दिवशी तपासून हातात दिला. गुण किती? सेहेचाळीस.

केतकी घरी आली ती डोळे लाल करून. आईनं दप्तरातला पेपर ओढला, आकडा बघितला, अन् धावली मीठ-मोहऱ्या आणायला. नजर लागली पोरीला! बाप तोच पेपर मुठीत धरून तणतणत शाळेत.

"बाई, माझ्या शंभराच्या पोरीचे सेहेचाळीस केलेत. सातवीचं नाव काढू नका आता."

बाई शांतपणे म्हणाल्या, "शेलार, सातवीतल्या निम्म्या मुलांना एवढे पडले नाहीत. आणि हे गणित बघा. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिनं स्वतः वाट काढली."

सुदामराव बघत राहिले. खाडाखोड, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. असा पेपर त्यांनी लेकीचा कधी पाहिलाच नव्हता.

"मग रडते कशाला ती?"

"तुम्ही विचारलंत तिला?"

कुठलं विचारतायत! आईनं दृष्ट काढली, बापानं भांडण काढलं. पोरीला विचारायला कुणाला सवड?

घरी आले, लेकीजवळ बसले. "केतके, मार्क कमी पडले म्हणून रडतेस का गं?"

"नाही बाबा. शेवटचं गणित अर्धं राहिलं, तेवढ्यात घंटा झाली. घरी येऊन सोडवणार होते, तर आईनं पेपरच ओढला, आणि तुम्ही घेऊन गेलात."

सुदामरावांनी तो चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला, तिच्यापुढं ठेवला. मग म्हणाले, "सोमवारपासून सातवीत बस." पोरीनं ऐकलंही नाही. ती गणितात होती.

मंडळी, आपण लेकरापुढं सोपं ठेवतो, ते जिंकतं, आपण पेढे वाटतो. आपली हौस फिटते, त्याची भूक तशीच राहते. तुमच्या घरीही पहिला नंबर काढणारं कुणी असेल. त्याला आज किती पडले ते विचारू नका. आज काय अडलं, ते विचारा. ते सांगेल तेव्हा रागावू नका, मध्ये बोलू नका. एवढं आपल्याला जमतं का, ते घरी जाऊन बघा. घ्या नाव रामाचं.